गाप्योंगमार्गे फ्रान्स

सुटीच्या दिवशी सोलबाहेर निघालेला कोरियन ज्येष्ठ नागरिक पाहिला, की वाटतं, हा आता थेट एव्हरेस्टच्या पायथ्याशीच उतरणार. पायांत गिर्यारोहणाचे बूट, हातांत घडीच्या काठ्या, अंगात झगझगीत जाकीट, सॅकला टांगलेला स्टीलचा पेला. सांगबोंग स्टेशनावरून पूर्वेला चुंचॉनकडे जाणारी मेट्रो अशा वीरांनी भरून वाहत असते. यांतले काही खरोखर डोंगर चढतात. बरेचसे मात्र चुंचॉनला उतरतात, कोंबडी खातात आणि घरी येतात. सोलच्या मेट्रोत 65 वर्षांपुढच्यांना तिकीट पडत नाही. 1939चा हा जुना रेल्वेमार्ग 2010च्या डिसेंबरात विजेवर आला आणि मेट्रोला जोडला गेला, तेव्हापासून कोंबडीपर्यंतचा प्रवास फुकट झाला. आपल्याकडे एसटीत फुकट बसायला 75 पुरी करावी लागतात. आणि पुरी झाली, की एसटीची पायरी चढवत नाही.

माझी पुतणी सोलमध्ये नोकरी करते. कोल्हापुरात असताना ‘निघू की निवांत’ म्हणणारी ही मुलगी तिथे राहून पार बदललीय. तिने आखलेल्या सहलीच्या बेतात ‘11.10 ते 11.45 : रमतगमत फिरणे’ अशी नोंद होती.

“आणि 11.45नंतर रमलो तर?”

“बोट चुकेल, काका.”

बोट होती नामी बेटाची. हे बेट निसर्गाने घडवलेलं नाही. 1944 साली नदीवर च्योंगप्योंगचं धरण झालं, पाणी चढलं आणि टेकाड होतं ते बेट होऊन बसलं. पुढे 2006 साली बेटाच्या चालकांनी ते स्वतंत्र प्रजासत्ताक असल्याचं जाहीर करून टाकलं. नाव ‘नामीनारा’. झेंडा आहे, पासपोर्ट आहे, आणि धक्क्यावरच्या तिकीट खिडकीवर ‘व्हिसा’ लिहिलेलं आहे. कोरियाच्या व्हिसासाठी मी बँकेच्या पासबुकापासून प्राप्तिकराच्या कागदांपर्यंत सगळं पुराण सादर केलं होतं. इथे पैसे टाकले आणि परराष्ट्र संबंध प्रस्थापित झाले. पाच मिनिटांत बोट पलीकडे लागते. आपल्याकडे कुणी तळ्यातल्या टेकडीला प्रजासत्ताक म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिथे दोन गट पडले असते.

बेटावर माणसं कशाला येतात? 2002 साली ‘विंटर सोनाटा’ नावाच्या मालिकेतली जोडी इथल्या झाडांच्या रांगेतून चालली. त्यानंतर जपानपासून मलेशियापर्यंतची मंडळी तशीच चालायला येऊ लागली. जोडीचा पुतळाही आहे. त्याच्या शेजारी उभं राहायला रांग लागते, आणि रांगेतला प्रत्येक नवरा मालिकेतल्या नायकाइतकाच दुःखी दिसतो.

पण मला खरी भुरळ घातली ती पानांनी. नोव्हेंबर होता. एका वाटेवर गिंकोच्या पिवळ्याधमक पानांचा घोटाभर थर पसरलेला, आणि त्यात सोलहून आलेली तरुण पोरं पानं उधळून फोटो काढत होती. वर पाहिलं तर झाडं बोडकी. नदीकाठच्या थंडीमुळे बेटावरची पानं लवकर गळून जातात. मग खाली हा ताजा थर कुठला? पुतणीने उलगडा केला. सोलच्या सोंगपा भागातल्या रस्त्यांवर गिंकोची पानं गळतात, पालिका ती झाडून गोळा करते, आणि ट्रकमध्ये भरून इथे आणून अंथरते. कचऱ्याची विल्हेवाट लागते, बेटाची शोभा वाढते. म्हणजे सोलचा माणूस स्वतःच्या दारातली पानं पालिकेला झाडू देतो, मग मेट्रो, बोट आणि व्हिसा असा प्रवास करून त्याच पानांत लोळतो आणि म्हणतो, “निसर्ग तो निसर्गच!” यात कुणालाही काही विनोदी वाटत नव्हतं. थर सारखा करायला कर्मचारीही असणार, या खात्रीने मी पाऊल जपून टाकत होतो.

या देशाचं मला हेच आवडलं. खुळेपणा असावा, पण त्याचं वेळापत्रक काटेकोर असावं.

दुपारी आम्ही फ्रान्सला गेलो. गाप्योंगच्या डोंगरात 2008पासून ‘पेटिट फ्रान्स’ नावाचं रंगीत घरांचं गाव आहे आणि त्यात जिथे तिथे सँतेक्झुपेरीच्या गोष्टीतला छोटा राजपुत्र उभा आहे. या गावाच्या शेजारी 2021 साली इटली उघडली, पिनोकिओ आणि दा विंची यांच्या नावाने. त्याच गाप्योंगात एक स्वित्झर्लंडही आहे. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या आपल्या सहल कंपन्यांनी इकडे लक्ष घालावं. इथे जेवणाच्या सुटीत युरोप आटोपतो. फ्रान्सबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. चढ फार आहे.

पुढचा टप्पा किम यु-जोंग नावाचं स्टेशन. हे माणसाचं नाव आहे, आणि तो माणूस कथालेखक. 1908 ते 1937, जेमतेम एकोणतीस वर्षांचं आयुष्य. त्यात खेड्यातल्या माणसांच्या खट्याळ कथा लिहून गेला. 2004 साली त्याच्या गावच्या स्टेशनाला त्याचं नाव दिलं गेलं. कोरियन रेल्वेत माणसाचं नाव मिळालेलं हे पहिलं स्टेशन. आपल्या लोकलने रे आणि सँडहर्स्ट या गव्हर्नरांना स्टेशनं दिली; खट्याळ लेखक अजून फलाटावर उभेच आहेत.

इथला जुना रूळमार्ग बंद पडला तेव्हा कोरियनांनी तो भंगारात काढला नाही. त्यावर पायडलच्या गाड्या सोडल्या. चौघांनी बसायचं, पाय मारायचे आणि नदीकाठाने गांगचॉनकडे जायचं. उतार बराचसा आपल्या बाजूने असतो, त्यामुळे मागे बसलेला माणूस नुसते पाय हलवतो आणि दमल्याचा अभिनय करतो. मी मागे होतो. बोगद्यात शिरलो तर आत रंगीत दिवे आणि गणपतीच्या मिरवणुकीसारखा दणदणाट. पुढच्या गाडीतल्या आजीबाई पायडल सोडून दोन्ही हात वर करून नाचत होत्या. बोगदा संपताच हात खाली, पाय पुन्हा सुरू.

संध्याकाळी चुंचॉनची ताककाल्बी. टेबलातच बसवलेला मोठा लोखंडी तवा, त्यावर गोचुजांग या तिखट मिरचीपेस्टमध्ये मुरवलेली कोंबडी, कोबी, रताळं आणि तांदळाच्या चिवट कांड्या. परतण्याचं काम गिऱ्हाइकाचं नाही. मी उलथन्याला हात लावताच वाढणाऱ्या बाईंनी ते शांतपणे काढून घेतलं आणि माझ्या गळ्यात एप्रन बांधला. किम यु-जोंगच्या एका कथेतला पोरगा आपला कोंबडा झुंजीत जिंकावा म्हणून त्याला गोचुजांग चारतो. इथे कोंबडीला ते मेल्यावर मिळतं, एवढाच फरक.

तिसऱ्या घासाला माझ्या कपाळावर घाम आला. पुतणी गालात हसली. “काका, कोल्हापूरचे ना तुम्ही?”

प्रश्न गावाच्या अब्रूचा होता. मी बाईंना खुणेनेच सांगितलं, आणखी तिखट टाका. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेल्या, आणि एप्रनवर आणखी एक एप्रन आणून बांधला.