गल्ली सुटता सुटेना

हिरेवाल्यांनी जुन्या घरांचा मोह सोडावा म्हणून सुरतेनं काय कमी केलं? हजिऱ्याच्या वाटेवर इच्छापोरला रत्न-दागिन्यांसाठी खास वसाहत आखली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा खजोदला सुरत डायमंड बोर्स उभं राहिलं. पंधरा मजल्यांचे नऊ मनोरे, साडेचार हजारांच्या आसपास कार्यालयं, आकारात पेंटागॉनवर मात! 17 डिसेंबर 2023 रोजी पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. शेठजींनी भरभरून टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या सकाळी नेहमीप्रमाणे महिधरपुऱ्याच्या, म्हणजे जुन्या हिरेबाजाराच्या, गल्लीत हजर झाले.

कारण विचारा, शेठजी हळवे होतात. आजोबांची गादी, देवघर, लाकडी जिना. ऐकणाऱ्याचाही गळा दाटावा! पण खाली रस्त्यावर पाहा. स्कूटरच्या सीटवर पुडी उघडते, भिंगातून नजर फिरते, तोंडी शब्दावर लाखांचा सौदा होतो. कोण कुणाचे पैसे बुडवून बसलाय, ही खबर या गल्लीत चहाच्या आधी पोचते. नव्या मनोऱ्यात लिफ्ट झपाट्यानं वर जाते. पत मात्र लिफ्टनं चढत नाही.

शिवाय बाजार हलला, तर आजोबांच्या ओसरीला आज मिळतं तेवढं भाडं कोण देणार? म्हणून शेठजींचं घरावर निस्सीम प्रेम आहे. फक्त ते दर महिन्याच्या पाच तारखेला थोडं जास्त उफाळून येतं.