हरकत नोंदवून घ्या

अप्पांना झाडं आवडतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे येणार आहे त्यावरून तसं मुळीच वाटणार नाही.

अप्पा आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये गेली. निवृत्त झाले तेव्हा पेन्शन सुरू झाली, सवय मात्र बंद झाली नाही. समोर लग्नपत्रिका येवो, मेंटेनन्सचं बिल येवो की सत्यनारायणाचा प्रसाद, अप्पा कपाळावरचा चष्मा खाली ओढतात आणि त्यातलं उणं शोधतात. ते सापडतंच. आणि पंचाईत अशी की ते बहुतेक वेळा खरं असतं.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा गेटजवळचा आमचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला. पडला तो एका बंद स्कूटरवर, त्यामुळे तिचा मालक मनातून खूश होता. अप्पा छत्री घेऊन खाली आले, उघड्या पडलेल्या मुळांभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बघा, सगळी मुळं वरच्यावर. मादागास्करचं झाड आहे हे. दिसायला देखणं, पण लाकूड ठिसूळ. लावतानाच मी हरकत घेतली असती."

"अप्पा, हे झाड बिल्डिंगच्या आधीपासून आहे," कोणीतरी म्हणालं.

"म्हणून तर राहून गेली," अप्पा म्हणाले.

जागा रिकामी झाली आणि गुलमोहर काय करत होता ते कळलं. ती बाजू पश्चिमेची. दुपारी तीननंतरचं ऊन थेट भिंतीवर येतं आणि रात्री जेवणं झाली तरी भिंत हात लावू देत नाही. ठाण्यात पारा ३५ वर असतो तेव्हा नागपूरकरांपुढे तक्रार करायची लाज वाटते. पण नागपूरचा घाम वाळतो, आमचा वाळत नाही, तो नुसता मुक्कामाला येतो. तेव्हा झाड हवं यावर एकमत झालं. कोणतं, यावर मीटिंग बोलावली. अप्पा वही घेऊन आले.

पहिल्या मजल्यावरचे सोलापूरकर म्हणाले, कडुनिंब लावा. अप्पांनी मान हलवली. "सोलापूरला उत्तम. त्याला कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन लागते. इथे पाणी साचलं की कुढत बसेल." डी विंगमधला एक तरुण नुकताच सिंगापूरला जाऊन आला होता. त्याने फोनवर तिथल्या पर्जन्यवृक्षांचे फोटो दाखवले. रस्ताभर हिरवं छत, दुपारी चालावं तर डोक्याला ऊन नाही. ली क्वान यू यांनी १९६३ साली स्वतः झाड लावून तिथे ही मोहीम सुरू केली, हेही त्याने सांगितलं. अप्पांनी फोटो नीट पाहिले. त्यांना ते आवडल्याचंही दिसलं. मग म्हणाले, "तिथे बारा महिने पाऊस पडतो. आपली हवा दमट आहे म्हणतात, ती अर्धं वर्षच धड दमट. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि दिवाळीनंतर थेंब नाही. आपल्या झाडाने चार महिने पाय पाण्यात ठेवून उभं राहायचं आणि आठ महिने तहान मारायची. शिवाय पर्जन्यवृक्षाला पसरायला मैदान लागतं, आपल्याकडे आहे पार्किंग. आणि मुंबईत पिठ्या ढेकणाने किती पर्जन्यवृक्ष वाळले, ते पेपरात आलं होतं." तरुणाने फोन खिशात ठेवला.

त्यानंतर झाडांची रांगच लागली आणि एकेक नापास होत गेलं. सप्तपर्णी सदाहरित, सावली दाट, पण ऑक्टोबरात फुलली की रात्रभर डोकं उठतं. उभा अशोक लावला तर सावली पडते ती फक्त त्याच्या स्वतःच्या बुंध्यावर, आणि पावसाळ्यात फळं धरली की वटवाघळं रात्री गाड्या रंगवतात. जांभळाचंही तेच, फक्त रंग पक्का. शेवग्यावर पावसात केसाळ सुरवंट. देशी बदाम खाऱ्या वाऱ्याला टिकतो, पण पानं ताटाएवढी, गटाराची जाळी तुंबलीच. बहावा म्हटल्यावर बायका खूश झाल्या. अप्पाही क्षणभर विरघळले, मग सावरले. "मे महिन्यात सोन्याची झुंबरं लटकतात हे खरं. पण तेव्हा पानं कुठे असतात? सावली हवी तेव्हा हे झाड सजून बसणार." वड-पिंपळांची नावं तर कोणी काढलीच नाहीत, कंपाउंडची भिंत नुकतीच दुरुस्त झाली होती.

आंब्यावर मात्र एक अख्खी मीटिंग गेली. राज्यवृक्ष, बारमाही हिरवा, सावली गार. झाडाबद्दल अप्पांची हरकत नव्हतीच, हरकत होती आंब्यांबद्दल. आंबे कोणाचे? समान वाटायचे की फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे? मेंटेनन्स थकवलेल्याला आंबा मिळणार का? भाडेकरूचा हक्क किती? बाहेरच्या पोराचा दगड कोणाच्या काचेला लागला तर खर्च कोणत्या खात्यातून? अजून कोय रुजली नव्हती आणि दोन घरं एकमेकांशी बोलायची बंद झाली.

शेवटचा हुकमी पत्ता अप्पांनी नेहमी राखून ठेवलेला असे. "घाई करू नका. १९७५ चा कायदा आहे. एकदा लावलं की परवानगीशिवाय तोडता येत नाही, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. बायको परवडली." इथे अप्पांच्या सौभाग्यवती उठून घरी गेल्या.

मी एकदा अप्पांच्या सगळ्या हरकतींची बेरीज करून पाहिली. त्यांना हवं असलेलं झाड असं होतं: पान गळू नये, फूल पडू नये, फळ धरू नये, पक्षी बसू नये, मूळ पसरू नये, आणि सावली मात्र भरपूर पडावी. लिफ्टच्या लॉबीत प्लॅस्टिकचा एक पाम आहे, तो बराचसा या वर्णनात बसतो. त्यावर अप्पांची एकच हरकत आहे, धूळ बसते.

दर जूनला मीटिंग होई, चहा होई, हरकती वहीत जात आणि पावसाळा निघून जाई. असले अप्पा प्रत्येक सोसायटीत असतात. ते अडाणी असते तर सोपं होतं. आमचे अप्पा खरोखर जाणकार. दमट हवेत खालपासून गच्च भरलेली झुडपं लावू नका, वारा अडतो आणि उकाडा दुप्पट होतो, बुंधा मोकळा आणि छत्री उंच असलेलं झाड हवं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. फक्त हे सगळं ज्ञान एकाच दिशेने वाहत होतं: 'नको'कडे.

मग सेक्रेटरी बदलल्या. नव्या बाई गणिताच्या शिक्षिका. त्यांनी मीटिंग बोलावलीच नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी दोन माणसं आणली आणि गेटजवळ खड्डा खणायला लावला. खड्ड्यावर कोणाची हरकत असणार?

अप्पांची. अकराच्या सुमारास ते टेप घेऊन खाली उतरले. "तीन बाय तीन बाय तीन म्हणजे तीन फूट. हे सव्वादोन आहे." माणसांनी आणखी खणलं. आतून फरश्यांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या आणि बिल्डरने पुरून ठेवलेला बराच राडारोडा निघाला. अप्पांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ऑडिट करून खरा घोटाळा आज जमिनीत सापडला होता. राडारोडा उचलून नेईपर्यंत ते उन्हात उभे राहिले. संध्याकाळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून घड्याळ लावून बसले, निचरा होतो का बघायला. दुसऱ्या दिवशी तांबडी माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड, सगळ्याचं प्रमाण त्यांनीच ठरवलं.

"आता यात काय लावू?" बाईंनी विचारलं. "तुम्ही सांगाल ते."

अप्पा गप्प झाले. नको काय ते त्यांना आयुष्यभर विचारलं गेलं होतं, हवं काय हे कोणी विचारलंच नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ताम्हण."

मग सुटलेच. कोकणात हे ओढ्याकाठी वाढतं, म्हणजे पावसात पाय भिजले तरी चालतात. आकार मध्यम, तारांशी भांडण कमी. पानं गळतात ती हिवाळ्याच्या शेवटी, उन्हाळा तापेपर्यंत नवी पालवी भरलेली. मे महिन्यात जांभळी फुलं, आणि महाराष्ट्राचं राज्यपुष्प, म्हणजे कोणी पुढारी आला तरी बोलायला विषय. मागच्या भिंतीलगत सावलीत सीताअशोक, आणि जिथे घाई नाही तिथे बकुळ, सावकाश वाढेल. उत्तर तयार होतं. वहीच्या शेवटच्या पानावर होतं म्हणे.

"म्हणजे ताम्हणावर हरकत नाही?"

"आहे. बोंडं वर्षभर लटकतात, दिसायला वाईट. नोंदवून घ्या."

नोंदवून घेतली, आणि जूनच्या पहिल्या पावसात ताम्हण लावलं. त्याची वाढ चांगली आहे, कारण हरकती आता झाडाच्या बाजूने आहेत. आधाराची काठी तारेने बांधली म्हणून वॉचमनला झापून काथ्या आणवला. बुंध्याभोवती मीटरभर पेव्हर ब्लॉक काढायला लावले. कोणी आळं करताना माती खोडावर चढवली, तर खोड कुजतं म्हणून हाताने बाजूला करतात. दिवाळीत दिव्यांची माळ गुंडाळायला आलेला इलेक्ट्रिशियन शिडीसकट परत गेला. पहिली फुलं आली तेव्हा बहुतेक शेजारच्या सोसायटीच्या बाजूला आली, तिकडे ऊन जास्त म्हणून. अप्पांनी त्यांना लेखी पत्र द्यायचं ठरवलं होतं, सेक्रेटरीबाईंनी थोपवलं.

तुमच्याही सोसायटीत एक अप्पा असतील. झाड लावायचं असेल तर त्यांना टाळू नका, चुकवू नका, जरूर बोलवा. फक्त खड्डा आधी खणून ठेवा, आणि तो तीन फुटांपेक्षा जरा कमीच खणा.