तुमच्या कुत्रीला जेवायला घालता की नाही?

(सोलापूरची एक कॉलनी. दुपारची झाकपाक झालेली. दोन बंगल्यांच्या मधल्या कुंपणाशी काकू आणि मंगल.)

काकू : मंगल, हा घे कढीपत्ता. आणि जरा जवळ ये, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. काल भिशीत तुझा विषय निघाला होता.

मंगल : माझा? मी काय केलं ओ?

काकू : तू नाही, तुझी बिजली. “दारात नवी गाडी आली, पण कुत्रीला पोटभर भाकरी मिळत नाही,” असं बोलल्या. कोण ते मी सांगणार नाही. कोपऱ्यावरच्या जोशीणबाई.

मंगल : बरगड्या दिसतात म्हणून ना? अहो, कारवानी आहे ती. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसल्याच पाहिजेत, असं आमचे डॉक्टरच सांगतात. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब मान, अरुंद डोकं, ही बांधणीच पळायची. अंगावर चरबी चढली की गुडघे गेलेच म्हणून समजा.

काकू : जोशीणबाईंचा तो लॅब्रेडॉर बघितलास? बसला की उठायला दोन माणसं लागतात.

मंगल : बघा! आणि नावं आम्हाला. मंगळवेढ्याच्या वस्तीवरून आमच्या चुलत सासऱ्यांनी दिली ही. तिकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागं आणि शेतावर हीच कुत्री. पूर्वी व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आली, म्हणून कारवानी म्हणतात. अंगावर, कानाशेपटीवर लांब रेशमी केस असले की पश्मी. कर्नाटकात हिलाच मुधोळ हाउंड म्हणतात.

काकू : मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं संस्थान ना?

मंगल : तेच. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जपली, वाढवली. इंग्लंडच्या पंचम जॉर्जला जोडी भेट दिली होती त्यांनी. २००५ साली पोस्टानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यातलं एक हिच्या जातीचं.

काकू : घ्या! आमचे हे जन्मभर पोस्टात शिक्के मारत बसले, त्यांना कुणी तिकिटावर घेतलं नाही.

मंगल : लष्करानंसुद्धा २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं मेरठला नेली, प्रशिक्षणासाठी. मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचं केंद्रच आहे या जातीसाठी. कारण अस्सल रक्त मिळणं अवघड झालंय. कुणी ग्रेहाउंडशी संकर करतो, कुणी नुसतं बारीक पोट बघून कुठलंही पिल्लू कारवानी म्हणून खपवतो.

काकू : पण काय गं, परवा मी मायेनं हात लावायला गेले, तर ही मागं सरकली. एवढा कसला तोरा?

मंगल : तोरा नाही ओ. परक्याचा हात या जातीला आवडत नाही. आपण गप्प उभं राहायचं, तिला वाटलं की ती वास घेत येते. ओरडलं, मारलं तर मनात धरते. आणि नाकापेक्षा डोळ्यानं शिकार करणारी ही. तिकडं मैदानाच्या टोकाला मांजर हललं की इकडं हिचे कान मागं जातात, मान पुढं येते आणि अंग ताठ होतं. सुटली की एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून उचलले जातात. मग हाका मारा, नाहीतर शंख करा, ऐकू जात नाही.

काकू : म्हणून पट्टा सोडत नाहीस होय!

मंगल : रस्त्यालगत कधीच नाही. सकाळी भिंत घातलेल्या मैदानावर मोकळी सोडते. पूर्वी सशामागं धावायची ही जात, पण वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार बंद. धावायची हौस कायद्यानं थोडीच बंद होते? ती रोज भागवावी लागते. नाही भागवली तर चपला कुरतडते. मात्र जेवणाच्या आधी नि नंतर तासभर पळापळ नाही. एवढ्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडला तर जिवावर बेततं.

काकू : आणि थंडीत तिच्या अंगावर चादर घालतेस, त्यावरूनही भिशीत हसले सगळे.

मंगल : हसू देत. कातडी पातळ, केस आखूड, खाली चरबी नाही. डिसेंबरात ती कुडकुडणार नाही तर काय? शहाबादी फरशीवर नुसती झोपली की कोपरं सोलवटतात, म्हणून खाली जुनी गोधडीही असते. ऑपरेशनची वेळ आली तर भुलीचं औषधसुद्धा जपून द्यावं लागतं. चरबी नसलेल्या अशा कुत्र्यांना काही औषधांची गुंगी लवकर उतरत नाही. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलंय.

काकू : एवढं सगळं करतेस, मग खायला काय घालतेस ते तरी सांग. भिशीत उत्तर द्यायला हवं मला.

मंगल : दोन वेळा मोजून. ज्वारीची भाकरी कुस्करून, बरोबर उकडलेलं चिकन नाहीतर अंडी. बास. वर कुणी लाडानं घातलं की घोटाळा होतो. काल संध्याकाळी कुंपणाखालून शिरा सरकवला होता कुणीतरी. मनुके घातलेला. मनुक्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड जाऊ शकतं, काकू. कांदा-लसूणही विषच. नशीब, मी आधी पोचले.

काकू : अगं बाई! जोशीणबाईच असणार. त्यांना फार पुळका.

मंगल : वाटीवर काकांचं नाव कोरलंय.

काकू : ...बरं, असू दे. दे ती वाटी इकडे. आणि रिकामी देऊ नकोस हं.