दोन वाजेपर्यंतची मुंबई

बीड जिल्ह्यात कुणी ‘मुंबई बघून आलो’ म्हणाला, की ऐकणारा आधी त्याला वर-खाली न्याहाळतो. नुसती बघून? बदलीचं प्रकरण नाही, अनुदानाची फाईल नाही, टाटा हॉस्पिटलात कुणी नातलग नाही, मग गेलाच कशाला? पुण्या-नाशिकच्या माणसाला हा अरसिकपणा वाटेल. मला मात्र काम अडलं तरच जाणं ही राजधानी बघण्याची सर्वांत शहाणी रीत वाटते. समुद्र काय, रत्नागिरीलाही आहे आणि उंच इमारती आता कुठेही उगवतात. मुंबईत राजधानी म्हणून जे आहे, ते काम अडलेल्या माणसालाच नीट दिसतं. काम न अडलेला माणूस राजधानीत येऊन समुद्रच बघून जातो.

ही रीत कशी चालते ते समजून घ्यायला हवं. गेवराई, आष्टी, अंबाजोगाईहून रात्री निघालेल्या एसट्या नि ट्रॅव्हल्स पहाटे-सकाळी माणसांना मुंबईत उतरवतात. आमदार निवासात तालुक्यातला कुणी ना कुणी आधीच मुक्कामाला असतो. खोली दोघांची, माणसं नऊ, आणि अंघोळीच्या रांगेत तीन माजी सरपंच. आवरून होतं आठ वाजता. सर्वसामान्यांना मंत्रालयात प्रवेश मात्र दुपारी दोननंतर. मधले हे सहा तास म्हणजे बीडकरांचं मुंबई-दर्शन. पर्यटन खात्याने कितीही पत्रकं छापली, तरी आपल्याकडच्या माणसांना मुंबई दाखवण्याचं खरं पुण्य या दोनच्या नियमाच्या पदरी आहे. मरीन ड्राइव्हचा कट्टा पायी गाठता येतो. गेटवे जवळ. वेळ उरलाच तर टॅक्सी करून हँगिंग गार्डन आणि शेजारचा म्हातारीचा बूट. घारापुरीचं नाव कुणी काढत नाही, कारण बोटीला जायला तास, यायला तास, आणि लाँच उशिरा लागली तर पासची खिडकी हुकली.

राणीच्या बागेचं दुखणं आणखी वेगळं. मंत्रिमंडळाची बैठक बहुधा मंगळवारी, म्हणून मंत्री हमखास मुंबईत असणार या हिशेबाने माणूस मंगळवार धरून येतो. मंगळवारी साहेब बैठकीत. ‘उद्या या’ असं पीए सांगतो, म्हणून मुक्काम वाढतो. बुधवारी सकाळी मोकळा वेळ असतो, आणि बुधवारी राणीची बाग बंद. सेऊलहून २०१६ साली आणलेले पेंग्विन अजून बीड जिल्ह्यातल्या कित्येकांना का दिसले नाहीत, याचं कारण शासनाच्या कामकाजपद्धतीत आहे.

यावर कुणी म्हणेल, मंत्रालयाच्या चकरा म्हणजे काय सहल झाली? तिथे माणूस नाइलाजाने जातो. जातो खरा. पण परळीला वैजनाथाच्या दारी तरी सगळे हौसेने का येतात? कुणाचा नवस असतो, कुणाची साडेसाती. रांग असते, ओळखीवर पुढे जाणारे असतात, आणि क्षणभर दर्शन झालं की मागचा माणूस पुढे ढकलतो. मंत्रालयात फक्त देव जागेवर सापडेलच असं नसतं. बाकी प्रेक्षणीय स्थळाला लागतं ते सगळं तिथे आहे. पास आहे, झडती आहे, इमारत पाठीमागे घेऊन काढायचा फोटो आहे, आणि कुठल्या मजल्यावर कुणाला गाठायचं ते तोंडपाठ असलेला, पांढऱ्या शर्टातला वाटाड्या आहे. आठवण म्हणून घरी नेण्याजोगी वस्तूही मिळते, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारून दिलेली पोहोच. गेटवेची प्लॅस्टिकची प्रतिकृती वर्षभरात फुटते. पोहोच लोक वीस-वीस वर्षं पिशवीत घडी करून जपतात.

दुसरा आक्षेप भारदस्त आहे. गेटवेसारख्या वास्तूंत इतिहास आहे, त्याचं काही वाटायला नको का? वाटेल की, पण इतिहास तरी कुणाचा? शेवटची ब्रिटिश तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवेखालून निघून गेली, तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं आणि बीडची राजधानी होती हैदराबाद. पाहुण्यांना निरोप देऊन झाला, त्यानंतर सात महिन्यांनी आम्ही भारताच्या पंगतीला आलो. पुढे १९५६ मध्ये राजधानी मुंबई झाली. ज्या घराला आजोबांनी चारमिनार दाखवला, त्याच घराला नातवाने गेटवे दाखवायचा. त्याच्याही मागे गेलं तर देवगिरी आहे, बिदर आहे, निजामशाहीचं अहमदनगर आहे. राजधान्या बदलत गेल्या, हेलपाटे तेवढे कायम राहिले. राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवणाऱ्या महंमद तुघलकाचा एक दात बीडमुक्कामी पडला आणि त्याने तो समारंभाने पुरून वर घुमट बांधवला, असं इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवलंय. करझणीजवळची ती कबर आजही दाखवतात. राजधानीने आपणहून बीडला काही दिल्याचा एवढा जुना पुरावा दुसरा माझ्या तरी पाहण्यात नाही.

तिसरा आक्षेप सुधारकांचा. आता अर्ज घरबसल्या होतात, हेलपाटे संपतील, मग तुमचं हे पर्यटन बुडालं. तसं होईल असं वाटत नाही. ऑनलाइन अर्ज केल्यावर तो पोहोचला का ते बघायला माणूस जातोच. आणि सोयी वाढतात त्या जाण्याच्याच. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली, आणि मुंबईत भुयारी मेट्रोला विधान भवन नावाचं स्थानकच आहे. हे सगळं कुणी घरी बसावं म्हणून केलेलं नाही. दिवाळीला कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना मात्र ही सहलही नशिबात नाही. त्यांचा अर्ज दुसराच कुणीतरी घेऊन जातो आणि मरीन ड्राइव्हही तोच बघतो.

राहता राहिला प्रश्न काम होण्याचा. दोन वाजता खिडकी उघडते, पास मिळतो, लिफ्टची रांग सरते, दालन सापडतं. दारातला शिपाई गावाचं नाव विचारतो, बीड म्हटल्यावर त्याला हसू आवरत नाही. साहेब सकाळीच दौऱ्यावर गेलेत, बीडला.