बॅटरीवाले मामा

आदिलाबादजवळच्या तलमडुगूच्या चहाटपरीवर कुणी नुसतं "मोबाइलची बॅटरी उतरली" म्हणालं, तरी मामा बशी खाली ठेवतात. बशी खाली गेली की बीजिंगची शर्यत सुरू.

"2014 चा सप्टेंबर. फॉर्म्युला-ईची पैली रेस. शेवटच्या वळणावर प्रोस्त अन् हाइडफेल्ड एकमेकांत घुसले, हाइडफेल्डची गाडी उलटी, अन् मागून येणारा दि ग्रासी फुकटात पैला! पटात असंच होते बाप्पा."

पट म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. मामांची खोंडं एकेकाळी पलीकडे यवतमाळकडच्या पटांत धावायची, त्यामुळे जगातली कुठलीही शर्यत ते बैलांवरूनच मोजतात. पूर्वी फॉर्म्युला-ईच्या त्या विजेच्या गाड्यांची बॅटरी अर्ध्या शर्यतीतच जीव सोडायची आणि ड्रायव्हर उडी मारून दुसऱ्या गाडीत बसायचा. हे मामांना फार लागलेलं. "आमी अर्ध्या पटात जोडी बदलली असती, तं लोकायनं हाणलं असतं!" 2018 च्या अखेरीस पूर्ण शर्यत टिकणारी गाडी आली, तेव्हा कुठे त्यांनी माफ केलं.

मग येतं हैदराबाद. 11 फेब्रुवारी 2023, हुसेनसागरचा काठ, 2.8 किलोमीटरचा फेरा. जॅग्वारच्या बर्डने जॅग्वारच्याच इव्हान्सला ठोकलं, हे सांगताना मामा दोन्ही हात कपाळाला लावतात. "एकाच मालकाच्या दोन जोड्या!" जिंकला व्हर्न. मागे कॅसिडी चिकटलेला, त्याच्याकडे बॅटरी जास्त. तरी अर्ध्या सेकंदाच्या आतल्या फरकाने व्हर्नने नेलंच. "धुरकरी असा पायजे. शेवटपर्यंत पुरवून पुरवून हाकलं त्यानं."

एवढं वर्णन ऐकून नवखा माणूस विचारतोच, "मामा, तुम्ही होते तिथं?"

"होतो ना जी." ते लेकीकडे गेले होते. रस्ते बंद, सिटी बस वळसा घालून निघाली, आणि खिडकीतून मामांना दिसला तो पत्रा. पत्र्यावर जाळी. आवाज यावा, तर गाड्या विजेच्या. आमच्यापासून तीनशे किलोमीटरवर जाऊन मामांनी पत्रा पाहिला, पण ते खोटं बोलत नाहीत. पत्र्याचंही वर्णन करतात, सविस्तर. बाकीची शर्यत भाच्याच्या मोबाइलवर पाहिली, तीही इतक्या वेळा की भाचा आता मोबाइल उशाखाली ठेवतो.

यापुढे त्यांचा सिद्धांत, आणि मला तो अजून खोडता आलेला नाही. मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, सप्टेंबरात बॅटरीच्या सुरू झाल्या. 18 मे 2023 ला कोर्टानं महाराष्ट्राच्या शर्यतींचा कायदा मान्य केला, आणि हैदराबादची 10 फेब्रुवारी 2024 ला ठरलेली दुसरी शर्यत, मधल्या काळात राज्यातलं सरकार बदलल्यावर, जानेवारीतच रद्द झाली. "एकच कासरा हाये बाप्पा," मामा म्हणतात, "इकडं सोडला की तिकडं आवळते." ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वन 2011 ते 2013 अशी तीनच वर्षं चालली, ते या सिद्धांतात बसत नाही. ते पेट्रोलचं, म्हणून मामा सोडून देतात.

आदिलाबादची बस पकडायची असेल, तर मोबाइल घरूनच चार्ज करून या.