बॉक्स आहे, बिल नाही

‘अलिबागसे आया है क्या?’ या टोमण्यावर बंदी घाला, अशी याचिका 2019 साली मुंबई उच्च न्यायालयात झाली. न्यायालयाने ती फेटाळली आणि टोमणा सुखरूप राहिला. वास्तविक अलिबागकराला मासळीबाजारात कुणी फसवून दाखवावं. कोळीण कितीही शपथा घेऊन ‘आत्ता बोटीतनं आलंय, दादा’ म्हणाली, तरी तो पापलेटचे कल्ले उघडतो, पोटावर बोट दाबतो आणि मगच भाव विचारतो. रात्री हाच माणूस मोबाइलवर जुनं ग्राफिक्स कार्ड शोधायला बसतो. तिथे मात्र दोन धूसर फोटो आणि ‘मिंट कंडिशन, सिंगल हँड, बॉक्स आहे, बिल नाही’ एवढ्यावर त्याचं समाधान होतं.

या जाहिरातींत सर्वांत निरागस दिसणारा शब्द म्हणजे ‘अनटेस्टेड’. रॅम बसवून बटण दाबायला दोन मिनिटं पुरतात. चालणारी वस्तू दुप्पट भावाने जाते, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. तरीही त्याला ती दोन मिनिटं सापडली नाहीत, यावर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागतं. त्यापेक्षा ‘फॉर पार्ट्स’ लिहिणारा परवडला. तो मयताची बातमी सरळ देतो.

‘ओपन बॉक्स’ म्हणजे खोकं फुटलंय, माल बहुधा वापरलेला नाही. ‘वर्किंग पुल’ म्हणजे चालू मशिनमधून काढलेला. काढताना पिन वाकल्या का, हे वेगळं विचारायचं. ‘रिफर्बिश्ड’ कुणी केलं, हा खरा प्रश्न. कंपनीने केलं असेल तर वॉरंटीचा कागद येतो. गल्लीतल्या दुकानाने केलं असेल तर ब्लोअरचा झोत आणि नवा स्टिकर येतो.

‘नवा कोरा’ हा शब्दही बेभरवशाचा. एच-61 हा 2011 सालचा चिपसेट. त्यावरचे मदरबोर्ड पुढे कितीतरी वर्षं नवेकोरे, सीलबंद विकले गेले. सील खरं, बोर्डही नवा. वय तेवढं जुनं.

पण खरी जत्रा ग्राफिक्स कार्डांची. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या क्रिप्टोकरन्सीने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर बेकार झाली. त्यानंतरच्या जाहिरातीत ‘फक्त गेमिंगला वापरलं’ हे वाक्य हटकून असतं, कुणी विचारायच्या आधीच. मायनिंगसाठीच बनवलेल्या पी-106-100 कार्डाला तर मॉनिटरची केबल लावायला जागाच नसते. भाव बघून हुरळलेलं गिऱ्हाईक केबल हातात घेऊन कार्डाला प्रदक्षिणा घालतं. आरएक्स 580 च्या नावाखाली 2304 ऐवजी 2048 कोअरची धाकटी पातीही खपते. त्याहून पुढची मजल म्हणजे जुन्या कार्डात खोटं बायोस भरून त्याला नवं नाव देणं. असे तोतये इतके झाले, की जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर ओळखता आलेल्या कार्डाच्या नावाआधी सरळ ‘फेक’ असं छापतं.

हार्ड डिस्क बिचारी प्रामाणिक. किती तास चालली, याची नोंद ती स्वतःच ठेवते.

‘भाऊ, किती तास झालेत?’

‘घरगुती वापर आहे, सहाच महिने. तास कोण मोजतंय!’

सहा महिने अखंड चालली तरी 4400 तासांच्या आसपास व्हायला हवेत. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 41,000 दिसले, तर ते घर बहुतेक सीसीटीव्हीचं. ही नोंदही पुसणारे असतात. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. नेहमीचा तासांचा आकडा शून्य केलेला, पण डिस्कच्या आतल्या दुसऱ्या नोंदवहीत खरे तास तसेच होते. चोरांनी एकच वही फाडली होती.

किनाऱ्यावर आणखी एक प्रत आहे, जी कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत: खारी. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ पाणी धरतं, आणि पावसाळ्यात मुरूड-श्रीवर्धनकडे हवा त्याच्यावरच असते. बोर्डावर बसलेला खारट थर ओलावतो, तांबं हिरवं पडतं. रॅमची सोनेरी पट्टी खोडरबराने घासली की बऱ्याचदा मशीन उठतंही, पण बोर्डाच्या कोपऱ्यातल्या हिरव्याला खोडरबर नाही. म्हणून फोटो मागायचा तो मागच्या बाजूचा आणि पोर्टच्या आतला. पंख्याच्या रंगीत दिव्यांचा नव्हे.

एवढं सगळं करून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वस्तू घेतलीच, तर तिथे मिळते ‘चेकिंग वॉरंटी’. जूनपासून ऑगस्टपर्यंत मांडव्याच्या लाँच बंद, रो-रो सुटली तर सुटली. तेव्हा दुकानदाराने तीन दिवस म्हटलं, तर अलिबागकराने त्यातला एक दिवस बोटीला धरावा, एक गेलेल्या लाइटला, आणि उरलेल्या एका दिवसात काय चेक करायचं ते करावं.