गार मोहन

आमच्या घरातला ओव्हन हे मुळात कपाट आहे. त्याला वायर आहे, आत सळ्या तापतात, बाहेर आकडे लिहिलेली तीन बटणं आहेत, हे सगळं खरं. पण त्याचा नित्याचा उपयोग भांडी ठेवायला. आत बिडाचा तवा, आप्पेपात्र, दिवाळीची कढई आणि श्रीखंडाचे धुऊन ठेवलेले डबे असा संसार नांदतो. त्यामुळे आमच्याकडे काही भाजायचं म्हणजे आधी या मंडळींची ओट्यावर, मग टेबलावर आणि शेवटी दिवाणावर सोय लावावी लागते. ‘ओव्हन दहा मिनिटं आधी तापत ठेवा’ असं लिहिणाऱ्यांच्या घरी भांड्यांना स्वतंत्र खोली असावी.

तर मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी हे कपाट रिकामं करून जाहीर केलं की आज नाश्त्याला स्कोन. गोड नव्हे, तिखटमिठाचे. चीज, मिरची, कोथिंबीर घातलेले.

“अंडं?” आईने देवघरातून विचारलं.

“नाही.”

“मग कर.”

या परवानगीचं श्रेय अल्फ्रेड बर्ड या गृहस्थांना जातं. हे बर्मिंगहॅमचे औषधवाले. त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं आणि यीस्टही सोसत नव्हतं. म्हणून या माणसाने १८३७ साली बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं आणि १८४३ साली, यीस्टशिवाय पाव फुगावा म्हणून, बेकिंग पावडर काढली. बायकोच्या पथ्यासाठी आमच्याकडचा नवरा फार तर आपण बाहेर जेवून येतो. बर्डसाहेबांचा हा संसार सुखाचा झाला की नाही ते असो. पण आमच्या बिनअंड्याच्या घरात इंग्रजांचा एखादा पदार्थ ताठ मानेने शिरू शकतो तो त्यांच्यामुळे.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा आणि पूर्वी तो तव्यावर भाजत, ही माहिती मी त्याच ओघात देऊन बसलो.

“मग तो तवा कशाला बाहेर काढलास? त्यावरच टाक की,” आई म्हणाली. दिवाणावर बसलेला बिडाचा तवाही मला तेच विचारतो आहे असं वाटलं.

खरं म्हणजे हा पदार्थ आपल्याला घरी करायची वेळच यायला नको होती. १८१७ साली खडकीच्या लढाईनंतर इंग्रज पुण्यात ठाण मांडून बसला तो थेट १९४७ पर्यंत. त्याने कॅम्प वसवला, घोड्यांच्या शर्यती दिल्या, क्लब दिले. बिस्किटांचं काम मात्र खऱ्या अर्थाने इराण्यांनी केलं. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची, म्हणजे इंग्रज गेल्यानंतरची. इंग्लंडातल्या एका गावाचं नाव मिरवणारं श्रुसबेरी बिस्किट इराणी माणसाने पुण्यात भाजलं आणि पुणेकराने ते मुंबईच्या पाहुण्याला ‘हे आमचं पुण्याचं’ म्हणून दिलं. स्कोनला असा कोणी वाली भेटला नाही.

याचं कारण त्याच्या स्वभावात आहे. बेकरीचा धंदा टिकणाऱ्या मालावर चालतो. खारी, टोस्ट, नानकटाई डब्यात घालून विसरलात तरी ती तुमची वाट बघते. स्कोन वाट बघत नाही. ओव्हनमधून काढल्यावर तासाभरात खाल्ला तर खाल्ला; संध्याकाळी तो कोरडा ठणठणीत होतो. ज्या गावात दुकानदार दुपारी शटर ओढून वामकुक्षी घेतो, तिथे सकाळचा स्कोन चार वाजता विकणार कोण आणि घेणार कोण? तेव्हा हा पदार्थ घरचाच, आणि तोही थंडीतला. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की बटर फ्रीजमधून ओट्यावर येईपर्यंत विरघळायला लागतं, आणि इथे सगळी मदार बटर गार असण्यावर.

घरातला खरा पेचप्रसंग याच बटरवरून झाला. करंजी असो, शंकरपाळे असोत, चकली असो, मोहन कडकडीत तापवलेलं हवं. पिठावर पडताना चुर्र झालं नाही तर आमच्याकडे ते मोहन घातलं असं धरतच नाहीत. आणि मी फ्रीजरमधून दगड झालेलं बटर काढून ते गाजराच्या किसणीवर मैद्यात किसत होतो. आई जप सोडून उठली.

“गार मोहन?”

“हो.”

“मग खुसखुशीत व्हायचं कसं?”

मी समजावून सांगितलं. तापलेलं मोहन पिठाच्या कणाकणाला लागतं, म्हणून करंजी खुसखुशीत होते. किसलेलं गार बटर पिठात विरघळत नाही. बोटांच्या टोकांनी हलकं चोळलं तरी त्याचे बारके तुकडे शिल्लक राहतात. बटरमध्ये शंभरात सोळाच्या आसपास भाग पाणी असतं. २२० अंशांच्या ओव्हनमध्ये त्या पाण्याची एकदम वाफ होते, वाफ पीठ उचलते आणि आत पापुद्रे सुटतात.

“तू इंजिनिअरच व्हायला हवं होतंस,” आई म्हणाली. मी इंजिनिअर म्हणूनच निवृत्त झालो आहे.

प्रमाण फार अवघड नाही. २५० ग्रॅम मैद्याला ६० ग्रॅम बटर, दोन चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, वाटीभर किसलेलं चीज, बारीक चिरलेल्या दोन मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि भिजवायला पाऊण वाटी दाट ताक. मीठ घालायचं नाही, कारण बाजारचं बटर खारट आणि चीज त्याहून खारट. हे शेवटचं वाक्य मी मोठ्याने म्हणतो. आमच्या स्वयंपाकघरातून पाणी प्यायला जाणारा माणूससुद्धा येता-जाता समोरच्या भांड्यात चिमूटभर मीठ टाकून जातो.

एकदा ताक पडलं की मात्र घाई. ताकाची आंबटाई आणि सोडा भेटले की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. तो कुणाचा फोन संपायची वाट बघत नाही. आणि घाई असूनही मळायचं नाही. नेमकं इथेच मराठी घराचं आणि स्कोनचं फाटतं.

आपल्याकडे गुण मिळतात ते मेहनतीला. पुरणपोळीची कणीक तेलपाणी लावून तिंबायची, पुरण पाट्यावर वाटायचं, चक्का फडक्यावर घासायचा. ज्याचा दंड दुखला त्याचा पदार्थ चांगला. स्कोनचा न्याय उलटा. ओला मैदा जितका मळाल तितकं त्यातलं ग्लूटेन जोर धरतं आणि पदार्थ चिवट होतो. म्हणून पीठ आणि ताक सुरीच्या पात्याने जेमतेम एकत्र आणायचं आणि गोळा ओबडधोबड, भेगाळलेला, इथेतिथे कोरडा असतानाच हात काढून घ्यायचा. काम सत्तर टक्के झाल्यावर टाकून उठायचं. नोकरीत ज्या गुणाबद्दल मला मेमो मिळत, त्याच गुणावर माझे स्कोन हलके होतात, हे मला या वयात कळलं.

पण घरच्यांच्या हाताला हे बघवत नाही. मी ट्रेला बटरचा हात लावायला वळलो आणि परत येऊन बघतो तर गोळा गुळगुळीत.

“अगं, काय केलंस हे?”

“काही नाही हो, नुसता सारखा केला. कसा दिसत होता!”

सौभाग्यवतींना समजावतोय तोवर दुसऱ्या बाजूने आई तेलाचा हात घेऊन आली. मग मी परातीपुढे उभा राहिलो. लहानपणी दिवाळीत नानकटाईचं सामान घेऊन आम्ही बेकरीच्या भट्टीवर जायचो, तेव्हा आपलं तूप दुसऱ्याच्या पत्र्यावर जाऊ नये म्हणून मला असंच पहाऱ्याला उभं करत. तो अनुभव उपयोगी पडला.

गोळा दोन बोटं जाड थापून धारदार सुरीने सरळ खाली कापायचा. कड दाबली गेली की स्कोन फुगताना एका अंगाला कलतो. आईने शंकरपाळ्यांचं कातणं आणलं. “निदान नक्षी तरी येईल.” निम्मे सुरीने, निम्मे कातण्याने, असा तह झाला. पंधरा मिनिटांनी सुरीचे ताठ उभे राहिले आणि नक्षीचे कलले. आईने कललेले आधी उचलले. तिच्या मते ते घरचे दिसत होते.

एवढं होईपर्यंत साडेअकरा वाजले. “याला आता नाश्ता म्हणायचं की काय म्हणायचं?” सौभाग्यवतींनी घड्याळाकडे बघत विचारलं. मी म्हटलं, ब्रंच. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ साली ही कल्पना मांडली. शनिवारी रात्री उशिरापर्यंत मजा केलेल्याला रविवारी लवकर उठायला लागू नये म्हणून. आमच्या सोसायटीत शनिवारी रात्री दहाला दिवे जातात आणि रविवारी सकाळी सातला माणसं मिसळीच्या रांगेत उभी असतात, तेव्हा बेरिंजरसाहेबांचा युक्तिवाद इथे कुणाला लागू व्हावा कळत नाही.

“म्हणजे हे खाल्लं की जेवायचं नाही?” आईने विचारलं.

“नाही.”

“आणि भात लावलाय तो?”

एकला आम्ही आमटी-भात जेवलो. पण मधे वर्तमानपत्र परत द्यायला वरच्या मजल्यावरचे काका आले होते. गरम स्कोन सुरीने न कापता हाताने मधोमध उघडला की वाफेबरोबर मिरचीचा आणि तापलेल्या चीजचा वास येतो; त्या वासाला काका दारातच थांबले. इंग्लंडात आधी साय की आधी जॅम यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांचं आजही पटत नाही. आमच्या टेबलावर आधी लोणी की आधी लसणाची चटणी असा वाद झाला. काकांनी दोन्ही पद्धती दोन-दोनदा तपासून पाहिल्या आणि मत राखून ठेवलं.

उरलेले स्कोन संध्याकाळपर्यंत अपेक्षेप्रमाणे कडक झाले. आईने ते काही न बोलता परातीत कुस्करले, कांदा, कढीपत्ता, हळद, तिखट घालून दणदणीत फोडणी दिली, ताकाचा हबका मारून झाकण ठेवलं आणि वर ओलं खोबरं पेरलं. बशी घेऊन मी वर गेलो. काकांनी ती शेवटच्या कणापर्यंत संपवली, कृती नीट लिहून घेतली, मग चष्मा काढून म्हणाले,

“उत्तम झालंय. फक्त एक सांगा, आधी ते ओव्हनमध्ये घालायचं जे आहे, ते गाळलं तर चालेल का?”